जामचे गाऱ्हाणे आणि लोकसभा

नागपूर-हैदराबाद महामार्गावरून चंद्रपूरचा रस्ता जिथे फुटतो, ते समुद्रपूर तहसिलीतील जाम हे गाव लोकसभेच्या वर्धा मतदारसंघात मोडते. आणि ज्या मतदारसंघाने १९९१ साली वसंतराव साठ्यांसारख्या मातब्बर केंद्रीय नेत्याला बाजूस सारून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या रामचंद्र घंगारे यांना दिल्लीस धाडले, पुढे देवळीच्या कुस्तीच्या आखाड्यातून आलेल्या रामदास तडसांना २०१४ व २०१९ अशी दोनदा निवडून दिले, तेथील कास्तकार आपल्या खासदाराकडून केवळ पक्षनिष्ठेची अपेक्षा करीत नाही, हे उघड आहे.

परंतु गावचे गाऱ्हाणे सभागृहाच्या दफ्तरी कसे दाखल होते? प्रश्नोत्तराच्या तासातील तारांकित प्रश्नास मंत्र्याला तोंडी उत्तर द्यावे लागते व त्यावर उपप्रश्नही विचारता येतो, अतारांकितास मात्र लेखी जबाब मिळतो. तातडीची बाब शून्य प्रहरात मांडता येते, आणि नियम ३७७ अन्वये केलेले निवेदन संबंधित खात्याकडे रवाना होते. संविधानाच्या अनुच्छेद १२० नुसार, हिंदी वा इंग्रजी पुरेशी न येणाऱ्या सदस्याला अध्यक्षांच्या अनुज्ञेने मातृभाषेतही बोलता येते. ग्रामीण प्रतिनिधीच्या दृष्टीने ही तरतूद मला फार मोलाची वाटते.

जामच्या चौफुलीवरील वाहतुकीचा प्रश्न स्थानिक खरा, पण महामार्ग राष्ट्रीय आहे. कापूस वर्धेच्या काळ्या मातीत पिकतो, पण त्याचा हमीभाव आणि आयातशुल्क केंद्र सरकारच ठरवते. म्हणून जो खासदार शिवारातील नड राष्ट्रीय धोरणाशी जोडून दाखवतो, त्याच्याच प्रश्नाला मंत्र्याकडून ठोस उत्तर मागता येते.