ग्रंथपालाच्या हाती मोबाइल

गावात वाचनालय असते. तिथे ग्रंथपाल असतो, किंवा ग्रंथपाल बाई असतात. त्यांचे काम काय, असे कुणाला विचारा. तो म्हणेल, "कपाट उघडायचं, पुस्तक द्यायचं, वहीत लिहायचं, कपाट लावायचं." हे काम आहेच. पण ही झाली कपाटाची राखण. त्याला चांगले कुलूपही पुरते.

ग्रंथपालाचे खरे काम निराळे आहे. कोणाला काय हवे ते ओळखायचे. ते कुठे मिळेल ते शोधायचे. आणि वेळेवर त्याच्या हाती पोहोचवायचे. मद्रासकडे डॉ. रंगनाथन नावाचे मोठे ग्रंथपाल होऊन गेले. त्यांनी १९३१ साली या कामाचे पाच नियम पुस्तकात मांडले. पुस्तके वापरण्यासाठी असतात, साठवण्यासाठी नव्हेत, हा त्यांतला पहिला. वाचकाचा वेळ वाचवावा, हाही त्यांतलाच. आज ग्रंथालयाचे शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाला हे नियम शिकावे लागतात.

वाचक वाचनालयापर्यंत येत नसेल तर काय करावे? मग वाचनालयाने वाचकाकडे जावे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड मूळचे आपल्या नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे. त्यांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाचे जाणकार ग्रंथपाल बोलावून घेतले. मग बडोदे संस्थानात पुस्तके पेट्यांत भरून गावोगाव जाऊ लागली. एका गावाने वाचली की पेटी पुढच्या गावाला. पुढे १९३१ मध्ये तंजावर जिल्ह्यात मन्नारगुडी येथे बैलगाडीतून पुस्तके खेड्यांत नेऊ लागले. बैलगाडीतले वाचनालय! आपल्याकडच्या पांदण रस्त्यांना ते अगदी शोभले असते.

आता पेटी नाही, गाडी नाही. घरोघर मोबाइल आहे. ग्रंथपालाचा निरोप त्यावरून जाऊ शकतो. पण हे त्याला शिकवायचे कोणी?

अमेरिकेत शार्लट नावाचे शहर आहे. तिथल्या सार्वजनिक वाचनालयात २००६ साली हाच प्रश्न आला. नवी साधने निघाली होती. लोक संगणकावर आपले लिखाण, आपली छायाचित्रे एकमेकांना दाखवू लागले होते. वाचनालयातली माणसे मात्र बिचकत होती. तिथल्या अधिकारी हेलीन ब्लोअर्स यांनी २३ छोटी कामे काढली. एक छायाचित्र चढवून बघा, दोन ओळी लिहून बघा, दुसऱ्याचे लिहिलेले शोधून बघा, अशी. मुदत सुमारे नऊ आठवडे. वर्ग नाही, मास्तर नाही, परीक्षा नाही. ज्याने त्याने आपापल्या सवडीने करायचे आणि अडले तर शेजारच्याला विचारायचे. सगळी कामे पुरी करणाऱ्याला गाणी ऐकायचे छोटे यंत्र बक्षीस. ही रीत इतकी साधी होती की पुढे अनेक देशांतल्या वाचनालयांनी ती उचलली.

मी चाळीस वर्षे शाळेत काढली. मास्तराशिवाय माणसे शिकली, हे ऐकून मला थोडे लागले. पण गोष्ट खरी आहे. हाताने करून पाहिल्याशिवाय हे काम येत नाही.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले एक वाचनालय मी जवळून पाहतो. गावाचे नाव सांगत नाही. आपल्या राज्यात ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्याप्रमाणे वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान मिळते. हे वाचनालय ड वर्गातले. एक खोली, पाच कपाटे. ग्रंथपाल बाईंचे मानधन तुटपुंजे. मोबाइल त्यांचा स्वतःचा, आणि त्यात भरायचे पैसेही त्यांचेच. हा खर्च वाचनालयाच्या समितीने द्यावा, असे माझे मत आहे. समितीला ते अजून पटलेले नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत वाचनालय ओस पडते. दिवसभर माणसे शेतात, संध्याकाळी थकलेली. बाई मला म्हणाल्या, "गुरुजी, लोक येत नाहीत, तर मीच मोबाइलवरून सांगू का? पण मले हे जमन का?"

त्यांना शिकवले शेजारच्या दहावीतल्या मुलीने. ती म्हणाली, "काकू, घाबरू नका. चुकलं त पुसता येते." पहिल्या दिवशी बाईंनी नव्या पुस्तकांचा फोटो काढायला घेतला आणि चारदा आपल्या अंगठ्याचाच काढला. आठ दिवसांत हात बसला.

मग त्यांनी व्हॉट्सॲपवर वाचनालयाचा ग्रुप केला. साठ माणसे त्यात घेतली. पुढे काय झाले? सकाळी उठावे तर चाळीस फुले आणि तीस "शुभ सकाळ". कुणी म्हैस विकायला काढली, कुणी पुढाऱ्याचा वाढदिवस टाकला. वाचनालयाचा निरोप कुठे गेला ते कळेना. दहावीतल्या मुलीने यावर तोड काढली. ग्रुप चालवणाऱ्याला ॲडमिन म्हणतात. फक्त ॲडमिननेच लिहावे, बाकीच्यांनी वाचावे, अशी सोय ग्रुपमध्ये असते. ती लावली की गर्दी थांबते.

पण दुसरी अडचण याहून मोठी होती. आपण ग्रुपमध्ये असलो की आपला नंबर ग्रुपमधल्या सर्वांना दिसतो. वाचनालयात गावातल्या लेकी-सुना सभासद होत्या. एकीला अनोळखी नंबरावरून रात्रीचे फोन येऊ लागले. तिने ग्रुप सोडला आणि वाचनालयही सोडले. बाईंना फार वाईट वाटले.

यावर उपाय आहे. त्याला ब्रॉडकास्ट लिस्ट म्हणतात. ग्रुप म्हणजे चावडीवरची बैठक. सारे सर्वांना पाहतात. ब्रॉडकास्ट लिस्ट म्हणजे पोस्टमन. एकच निरोप तो प्रत्येकाच्या घरी वेगळा टाकतो. तुमच्या घरी आला ते शेजाऱ्याला दिसत नाही, तुमचा नंबरही दिसत नाही. तुम्ही उत्तर लिहिले तर ते फक्त बाईंना जाते. एवढेच ध्यानात ठेवायचे की ज्याने बाईंचा नंबर आपल्या मोबाइलमध्ये साठवला आहे, त्यालाच असा निरोप पोहोचतो. म्हणून बाईंनी आपला नंबर वाचनालयाच्या दारावर मोठ्या अक्षरात लावला. सोडून गेलेली सून महिन्याभराने परत आली.

ज्यांना वाचायला अजून वेळ लागतो, त्यांच्यासाठी बाई आवाजातला निरोप पाठवतात. मोबाइलवर बोट दाबून धरायचे आणि बोलायचे. "आज वाचनालय सातला उघडेल. शेळीपालनाचं नवं पुस्तक आलं आहे." बस. एका म्हाताऱ्या बाबांनी हे ऐकले आणि दुसऱ्या दिवशी काठी टेकत आले. म्हणाले, "ते शेळीचं पुस्तक द्या. नातू वाचून दाखवन."

इथवर सोय झाली. आता धोक्याकडे वळतो.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. भिक्षा मागून पोट भरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे तिथे आली होती. सोलापूरकडची, गरीब. त्या दिवसांत मोबाइलवर एकच बोलवा होती. मुले पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा. लोकांनी या पाच जणांना त्या टोळीतले समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारता मारता पाचही जण जिवानिशी गेले. त्यांनी कुणाचे मूल पळवले नव्हते.

त्या वर्षी देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवर दोघे येतात, रस्त्यावरचे मूल उचलतात आणि पळतात. पाहणाऱ्याचे काळीज हलेल असा. पण तो खरा प्रसंगच नव्हता. पाकिस्तानात कराची शहरात एका संस्थेने, आपली मुले जपा हे सांगायला ती जाहिरात केली होती. शेवटी ते दोघे मूल परत आणून ठेवतात आणि फलक दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला आणि उरलेला भाग पुढे ढकलला. तो कापणाऱ्याला कोणी ओळखत नाही. ढकलणारे मात्र तुमच्या-माझ्यासारखेच होते.

व्हॉट्सॲप कंपनीने त्याच महिन्यात भारतात बंधन घातले. एक मेसेज एका वेळी पाच ठिकाणांहून जास्त जागी पुढे पाठवता येईना. आणखी एक खूण तुम्ही स्वतः पाहू शकता. मेसेजच्या वर बारीक बाण दिसतो. एक बाण म्हणजे हा मेसेज पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेला नाही, दुसरीकडून आलेला आहे. दोन बाण म्हणजे तो निदान पाच हातांतून फिरून आला आहे. दोन बाण दिसले की मूळ लिहिणारा कोण, हे तुम्हाला पाठवणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते. मात्र बाण नाही म्हणून मेसेज खरा, असेही धरू नका. कुणी तो उतरवून घेऊन नव्याने पाठवला तर बाण येत नाही.

असा मेसेज आला की गावातले लोक आता बाईंकडे आणतात. विचारतात, "बाई, हे खरं हाये का?" बाई म्हणतात, कोणी लिहिले? केव्हाचे आहे? कुठल्या गावचे? मग त्या दिवसाचे वर्तमानपत्र काढतात. ठाण्याचा विषय असेल तर पोलीस पाटलांना विचारतात. कळले नाही तर "मला कळले नाही" असे सांगतात. पण पुढे पाठवत नाहीत.

२०१७ च्या खरिपात आपल्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. ते घर अजून आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे, जिथला कर्ता माणूस गेला. आजही हंगाम आला की मोबाइलवर सल्ले फिरतात. हे औषध त्या औषधात मिसळा, अळी झाडून पडेल. बाई अशा सल्ल्यावर स्वतः मत देत नाहीत. त्या काही शेतीच्या डॉक्टर नाहीत. त्या माणसाला डब्यावरचा रंगीत त्रिकोण दाखवतात. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा बिनपैशाचा नंबर लावून देतात. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची माहितीपत्रिका असेल तर ती काढून देतात. डॉ. रंगनाथन यांचा वेळ वाचवण्याचा नियम तो हाच. इथे वेळेबरोबर जीवही वाचतो.

एक गोष्ट बाईंना कटू वाटली. एका तरुणाने अख्ख्या कादंबरीचे फोटो काढून पाठवले आणि म्हणाला, सर्वांना वाटा. बाईंनी नकार दिला. तो रागावला. पण कायदा असा आहे की लेखक वारल्यानंतर ६० वर्षे त्याच्या पुस्तकावर त्याच्या वारसांचा हक्क राहतो. त्यानंतर पुस्तक सर्वांचे होते. साने गुरुजी १९५० साली गेले. म्हणून २०११ पासून त्यांची पुस्तके कोणीही छापावी, कोणीही वाटावी. हयात लेखकाची नाही. तो त्याच्या घामाचा पैसा आहे.

फुकट आणि हक्काचे वाचायचे असेल तर पुष्कळ आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईला बसून ज्याचा पाया घातला, तो मराठी विश्वकोश मोबाइलवर मोफत वाचता येतो. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. त्यात कोणीही लिहू शकतो, म्हणून त्यातले पारखून घ्यावे. बाईंनी आणि त्या दहावीतल्या मुलीने त्यात आपल्या गावाची माहिती लिहायला घेतली आहे. गावची नदी, बाजाराचा दिवस, शाळा. पहिल्यांदा लिहिलेले कुणी दूरच्या माणसाने पुसून टाकले, कारण आधार दिला नव्हता. आता त्या जिल्ह्याचे जुने गॅझेटिअर शोधत आहेत.

गावात अजून ज्यांच्याकडे मोबाइल नाही अशी घरे आहेत. म्हणून मोबाइलवर जो निरोप जातो, तोच बाई रोज खडूने वाचनालयाच्या ओट्यावरच्या फळ्यावर लिहितात. आधी फळ्यावर, मग मोबाइलवर.