घरची दारू, बंदुकीची!

सिंहगडावर गेलेल्या बहुतेकांनी ते दगडी दारूकोठार पाहिलेले असते. ११ सप्टेंबर १७५१ रोजी त्यावर वीज पडली आणि गडावरच्या फडणिसांचे घर आतल्या माणसांसकट नाहीसे झाले. कोठाराची वास्तू आजही उभी आहे. आपण गड चढून जातो, पिठलं-भाकरी खातो, मडक्यातलं दही चापतो आणि तिच्याकडे एक नजर टाकून खाली उतरतो.

त्या कोठारात असायची ती बंदुकीची काळी दारू. सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण. १८८४ साली फ्रान्समध्ये धूर न करणारी नवी दारू निघाली आणि लढाईतला काळ्या दारूचा मान हळूहळू संपला. मग ती आज कोणाला हवी असेल? तर अमेरिकेतल्या हजारो हौशी मंडळींना!

इंडियाना राज्यात फ्रेंडशिप नावाचे एक चिमुकले गाव आहे. ठासणीच्या बंदुकांच्या शौकिनांची राष्ट्रीय संघटना १९३३ साली स्थापन झाली आणि तिच्या नेमबाजीच्या स्पर्धा या गावी भरतात. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, तेल-चरबी लावलेल्या कापडाच्या चकतीत शिशाची गोळी बसवायची, गजाने ती तळापर्यंत ठासायची, रंजक घालायची आणि मग नेम धरायचा. एवढा खटाटोप एका बारासाठी! चाप ओढला की समोर पांढऱ्या धुराचा ढग. गोळी लागली की हुकली, ते धूर विरल्यावरच कळायचे. आपल्या कोकणातल्या वाचकांना याचे नवल वाटणार नाही. पिकांच्या राखणीसाठी परवान्यावर ठेवलेली ठासणीची बंदूक तिथल्या अनेक घरांनी पाहिली आहे.

यातल्या काही शौकिनांची हौस मात्र बंदुकीवर भागत नाही. दारूही आपल्याच हातची हवी, असे त्यांना वाटते. (कृती या पानावर मिळणार नाही आणि ती मागणारी पत्रेही कृपया पाठवू नयेत. आपल्याकडे विनापरवाना स्फोटके बनवणे हा १८८४ च्या स्फोटक कायद्याने गुन्हा आहे.)

घरच्या दारूचे अनुभव ऐकताना मला सारखे लोणचे आठवते. फोडी त्याच, मसाला तोच, पण एका घरचे वर्षभर टिकते आणि दुसऱ्या घरच्याला पंधरा दिवसांत बुरशी येते. इथे सगळी गोम कोळशात असते. लाकूड बदलले की दारूचा स्वभाव बदलतो. जुने कारागीर विलोच्या लाकडाचा आग्रह धरीत, तो उगाच नव्हे. हौशी माणसाची एक खेप जोरकस निघते, पुढची मंद. मापाचे भांडे तेच असले तरी पहिली गोळी नेमक्या जागी लागते आणि दुसरी हातभर खाली जाते. दमट हवा लागली तर आणखी पंचाईत. शिवाय काळी दारू जळते तेव्हा निम्म्याहून अधिक ऐवज घनरूपात, धुरात आणि नळीतल्या काजळीत उरतो. ही काजळी ओल धरते. त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुतली नाही तर गंज चढलाच म्हणून समजा. सडक्या अंड्यांच्या वासाचे ते काळे पाणी बेसिनमध्ये ओतले की घरातल्या बाईचे काय होत असेल, हे सांगायला नकोच.

हे झाले फसलेल्या निशाण्याचे रडगाणे. जिथे दारूच फसवते तिथली गोष्ट वेगळी. हिला ठिणगी पुरते, घर्षण पुरते. कारखान्यात पिढ्यान् पिढ्या हेच काम केलेल्या माणसांनाही तिने दयामाया दाखवलेली नाही.

मग विकत का घेत नाहीत? घेत होते. पण जून २०२१ मध्ये लुइझियाना राज्यातल्या मिंडेन येथील ‘गोएक्स’ या काळ्या दारूच्या प्रमुख कारखान्यात स्फोट झाला. त्याच वर्षी मालक कंपनीने तो बंद करीत असल्याचे जाहीर केले. शौकिनांचे धाबे दणाणले. घरच्या दारूची भाषा अनेकांच्या तोंडी आली ती तेव्हा. २०२२ मध्ये दुसऱ्या कंपनीने हा व्यवसाय विकत घेतला आणि त्यांचा जीव थोडा भांड्यात पडला.

या ‘गोएक्स’चे कूळ शोधत गेले की आपण पोचतो थेट ड्यू पाँ घराण्यापाशी. त्यांचा काळ्या दारूचा व्यवसाय १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला विकला गेला, त्यातूनच हे नाव पुढे आले. मूळ पुरुष एल्युथेर इरेने ड्यू पाँ. थोर रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याच्या हाताखाली फ्रान्समध्ये दारूचे काम शिकलेला हा माणूस अमेरिकेत आला आणि १८०२ साली त्याने डेलावेअर राज्यात ब्रँडीवाइन नदीकाठी कारखाना काढला. गिरण्यांची बांधणी पाहण्यासारखी आहे. तीन बाजूंना जाडजूड दगडी भिंती, चौथी बाजू नदीकडे आणि हलकी. छप्परही हलके. म्हणजे स्फोट झालाच तर त्याचा जोर पाण्याकडे निघून जावा! स्फोट होणार हे बांधतानाच गृहीत धरलेले. कामगारांच्या जोड्यांना लोखंडी खिळे चालत नसत.

तरीही १८१८ च्या स्फोटात तीसहून अधिक माणसे गेली. मालकाचे घर गिरण्यांच्या जवळच होते. त्याची पत्नी सोफी त्यात जखमी झाली. १८५७ मध्ये मुलगा अलेक्सिस स्फोटात होरपळून वारला. धंदा आपला, धोका मजुरांचा, असा हिशेब निदान या घराने केला नाही, एवढे मान्य करावे लागते.

आणि सोरा कुठला? बराचसा आपला, बिहारचा! नोव्हेंबर १८६१ मध्ये, अमेरिकेतील यादवी युद्ध पेटलेले असताना, याच घराण्यातला लॅमॉट ड्यू पाँ उत्तरेकडच्या सरकारसाठी गुपचूप इंग्लंडला गेला आणि तिथे साठवलेला हिंदुस्थानी सोरा मिळेल तेवढा विकत घेऊ लागला. तेवढ्यात दोन देशांत तंटा उद्भवला आणि ब्रिटिश सरकारने निर्यातच अडवली. तंटा मिटल्यावर, १८६२ च्या सुरुवातीला, माल सुटला. बिहारच्या गावांत मिठागराच्या कामासारखे राबून खारट मातीतून सोरा काढणाऱ्या नोनियांना आपला माल कुणाच्या बंदुकीत जाणार, याची कल्पनाही नसावी.

ब्रँडीवाइनच्या गिरण्या १९२१ साली थांबल्या. तोवर तिथे दोनशेहून अधिक माणसे दगावली होती. आज तिथे हॅगली संग्रहालय आहे. कामगारांच्या बोलीत मेलेल्या माणसाबद्दल ‘गेला’ असे सरळ म्हणत नसत. ‘नदी ओलांडून गेला’ म्हणत. कारण गिरणीची उघडी बाजू नदीकडे होती. नवरा असा नदी ओलांडून गेला की विधवेला कंपनीकडून निवृत्तिवेतन आणि राहायला घर मिळे. ते घरही स्फोटाचा आवाज ऐकू येईल एवढ्याच अंतरावर असे.