पातळ पत्रा, गोल भोक

गेवराई तालुक्यातल्या कुठल्याही बागायतदाराला स्टार्टरच्या पेटीबद्दल विचारा. पाल आत शिरून चिकटली, कॉन्टॅक्टरमध्ये मुंग्यांनी घर केलं, पावसाचं पाणी झिरपलं, अशी एखादी तरी तक्रार ऐकायला मिळेल. पैठणच्या उजव्या कालव्याने या तालुक्यात पाणी आणलं आणि त्याच्या जोडीला विहिरी-बोअरवरच्या मोटारी वाढल्या. उमापूरसारख्या गावाच्या शिवारात बांधाबांधावर अशा लोखंडी पेट्या उन्हापावसात उभ्या असतात. कारखान्यातून निघताना पेटी बहुधा चांगली बंद असते. ती उघडी पडते ती शेतावर, केबल आत घ्यायला कुणीतरी घाईने भोक पाडतो तेव्हा. भोक मोठं झालं की केबल घट्ट धरणारा ग्लँड बसत नाही. ग्लँड नाही म्हणून केबल पत्र्याच्या धारेवर तशीच टेकते. मोटार सुरू-बंद होताना पेटी थरथरते आणि ती धार केबलचं आवरण वर्षानुवर्षं घासत राहते. एखाद्या पावसाळ्यात तांब्याची तार पत्र्याला टेकते आणि अख्ख्या पेटीत करंट उतरतो. रात्रपाळीची वीज आली म्हणून चिखलात अनवाणी गेलेल्या माणसाचा हात नेमका त्याच पेटीला लागतो. म्हणून पत्र्यातल्या भोकाची गोष्ट मला क्षुल्लक वाटत नाही.

जाड लोखंडात भोक पाडणं अवघड आणि पातळ पत्र्यात सोपं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात नेमकं उलट आहे. १० मिमी जाडीच्या पट्टीत साधं ड्रिल बिनतक्रार गोल भोक पाडतं. तेच ड्रिल १८ गेजच्या, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या पत्र्यात घातलं, की भोक वेडंवाकडं होतं, काठ फाटतो, पत्रा हातातून हिसकला जातो. लोखंड तेच, ड्रिल तेच, माणूसही तोच. फरक जाडीचा आहे.

कारण ड्रिलच्या टोकात आहे. बाजारात मिळणाऱ्या साध्या ड्रिलचं टोक ११८ अंशांचं असतं. या कोनामुळे टोकाच्या शंकूची उंची ड्रिलच्या व्यासाच्या साधारण तीन दशांश येते. १० मिमीच्या ड्रिलला ३ मिमी उंचीचं टोक. जाड पट्टीत हे टोक आधी आत रुततं, त्यामागून धारा उतरतात आणि पूर्ण व्यासाचा भाग भोकाच्या भिंतींना टेकून सरळ चालतो. सव्वा मिलिमीटरच्या पत्र्यात मात्र धारा निम्म्याही उतरलेल्या नसतात, तोवर टोक पलीकडे निघून गेलेलं असतं. मधला आधार गेला आणि बाजूचा अजून मिळालेला नाही. अशा अधांतरी अवस्थेत ड्रिल भेलकांडायला लागतं. एक धार जरा जास्त चावली की ड्रिल दुसऱ्या बाजूला ढकललं जातं आणि मग दुसरी धार चावते. शेवटी ड्रिलचा पीळच पत्र्यात अडकतो आणि बोल्टवर नट चढावा तसा पत्रा ड्रिलवर चढतो. याच क्षणी हात कापतात.

या भेलकांडण्यातून होणारं भोक पाहण्यासारखं असतं. ड्रिलला धारा दोन, पण भोक बहुतेकदा तीन कोनांचं! कोपरे गोलसर, बाजू फुगीर. या आकाराला भूमितीत नाव आहे. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्झ रूलो या जर्मन यंत्रशास्त्रज्ञावरून त्याला रूलोचा त्रिकोण म्हणतात. त्याचं वैशिष्ट्य असं, की कुठल्याही दिशेने मापला तरी त्याची रुंदी सारखीच भरते. म्हणजे व्हर्निअर लावून भोक तपासलं तर आडवं २०, उभं २०, तिरकं २०. कागदावर भोक अचूक! पण रूलोचा पुरा त्रिकोण असेल, तर २० मिमी रुंदीच्या त्या भोकातून १६.९ मिमीपेक्षा जाड गोल दांडा जाणार नाही. आपली भोकं इतकी बिघडत नाहीत, पण रोख हाच असतो. म्हणून पत्र्यातलं भोक व्हर्निअरने मापून भागत नाही, त्यात ग्लँडच घालून पाहावा लागतो.

एवढं कळलं की अवजारांच्या दुकानात गोंधळायला होत नाही. पत्र्यासाठी निघालेलं प्रत्येक चांगलं अवजार एकाच प्रश्नाला आपापलं उत्तर देतं: जाडी नसलेल्या पत्र्यात धारेला आधार कुठून द्यायचा?

सगळ्यात स्वस्त उत्तर लाकडाचं. पत्र्याखाली लाकडाची सपाट फळी घेऊन दोन्ही क्लॅम्पने आवळले, तर पत्र्यातून निघालेलं टोक लाकडात रुततं आणि मधला आधार टिकतो. पत्रा दोन फळ्यांमध्ये धरला तर काठही कमी फाटतो. जुने फिटर आणखी एक युक्ती करतात. भोकाच्या जागी जाड कापडाची चार-सहा पदरी घडी ठेवतात आणि तिच्यावरून ड्रिल चालवतात. कापड टोकाभोवती दाटून बसतं, थरथर शोषून घेतं आणि भोक आश्चर्य वाटावं इतकं गोल येतं. काही जण खास पत्र्यासाठी ड्रिलला वेगळी धार लावतात. मध्ये बारीक टोक आणि दोन्ही बाजूंच्या धारा जवळजवळ आडव्या. अशा ड्रिलचे बाहेरचे कोपरे आधी पत्र्याला लागतात, वर्तुळ कोरतात आणि मधली चकती सुटून येते. यात खर्च शून्य, पण ग्राइंडरवर हात बसलेला हवा.

स्टेप ड्रिल हे दुसरं उत्तर. पायऱ्या-पायऱ्यांचा हा शंकू आज बहुतेक इलेक्ट्रिशियनच्या पिशवीत दिसतो. ४ मिमीपासून सुरू होऊन २० किंवा ३२ मिमीपर्यंत पायऱ्या वाढत जातात. एक पायरी भोक मोठं करत असते तेव्हा तिच्या आधीची पायरी पत्र्यातून पार झालेली असते आणि चालू पायरीचं गोल अंग भोकाच्या काठाला टेकतं. म्हणजे हे अवजार आपल्याच आधीच्या कामाचा आधार घेतं. हवं ते माप आल्यावर पुढच्या पायरीची धार काठाला हलकेच टेकवली, की वर उभी राहिलेली कड, जिला वर्कशॉपात बर म्हणतात, तीही निघून जाते. मर्यादा एकच: पत्रा पायरीच्या उंचीपेक्षा जाड नको. शिवाय पायऱ्यांची मापं नीट पाहून घ्यावीत. पॅनलवरची बटणं आणि दिवे बहुधा २२.५ मिमीच्या भोकात बसतात. दोन-दोन मिमीच्या पायऱ्यांच्या ड्रिलवर २२ आणि २४ असते, साडेबावीस नसते.

भोक ३०-४० मिमीचं हवं असेल तर होल-सॉ. वाटीसारखी गोल करवत आणि मधोमध वाट दाखवणारं छोटं ड्रिल. आधार मधल्या ड्रिलचा. ते सैल झालं, किंवा त्याचं भोक घासून मोठं झालं, की करवत नाचते. पण होल-सॉ खराब होण्याचं मोठं कारण वेगळंच आहे, आणि ते म्हणजे वेग. हातातलं साधं ड्रिल मशीन मिनिटाला अडीच हजारांहून जास्त फेरे घेतं. ३२ मिमीची करवत मिनिटाला २,६०० फेऱ्यांनी फिरली, तर तिचे दात मिनिटाला २६० मीटर धावतात. हायस्पीड स्टीलच्या दातांना साध्या लोखंडात २५-३० मीटर मानवतात. म्हणजे जवळपास दहापट वेग! दात निळे पडतात, बोथट होतात आणि करवत कापायचं सोडून घासत बसते. मग दुकानदाराच्या नावाने बोटं मोडली जातात. हायस्पीड स्टील उष्णता चांगली सोसतं हे खरं. अमेरिकेतल्या बेथलहेम स्टीलमध्ये फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी त्याची प्रक्रिया बसवली, आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात टोक लालभडक झालेलं हत्यार लोखंड कापताना पाहून लोक थक्क झाले होते. पण त्या सोसण्यालाही सीमा आहे. सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे तेही मऊ पडू लागतं. म्हणून होल-सॉ चालवताना वेग अडीचशे-तीनशे फेऱ्यांवर आणावा, तेलाचे दोन थेंब सोडावेत आणि भार बेताचा पण सतत ठेवावा. स्टेनलेस स्टीलला तर हे सगळं आणखी काटेकोर लागतं. ते नुसतं घासलं गेलं तरी पृष्ठभागाशी कडक होतं आणि मग त्यावर कुठलीच धार चालत नाही. तिथे वेग आणखी कमी, दाब मात्र ठाम हवा.

माझ्या मते स्टार्टर-पेटीसाठी खरं अवजार पंच आणि डायचं आहे. पॅनल बनवणारे ते रोज वापरतात. गावातल्या वायरमनकडे क्वचित दिसतं, याची खंत वाटते. त्याची रचना साधी. आधी १०-११ मिमीचं एक भोक पाडायचं. त्यातून बोल्ट घालायचा, एका बाजूला वाटीसारखी डाय, दुसऱ्या बाजूला धार लावलेला पंच, आणि पाना लावून बोल्ट आवळत जायचं. पंच पत्र्यातून हळूहळू डायमध्ये उतरतो आणि टक्‌ आवाज होऊन चकती सुटते.

हे कापणं ड्रिलच्या कापण्याहून मुळातच वेगळं आहे. इथे भुसा निघत नाही. पत्र्याचा तुकडा बाजूच्या पत्र्यापासून सरकवून तोडला जातो. त्याला लागणारा जोर सहज काढता येतो: भोकाचा परीघ, गुणिले पत्र्याची जाडी, गुणिले धातूची कातर-ताकद. साध्या लोखंडी पत्र्याची ही ताकद चौरस मिलिमीटरला ३०० न्यूटनच्या आसपास धरली, तर सव्वा मिमीच्या पत्र्यात साडेबावीसचं भोक पाडायला अडीच टनांहून जास्त जोर लागतो. एवढा जोर माणसाच्या हातात कुठून येतो? बोल्टच्या आट्यांतून. २०० मिमी लांबीच्या पान्याच्या एका फेऱ्यात हात सव्वा मीटर फिरतो आणि दीड मिमी आट्याचा बोल्ट फक्त दीड मिमी सरकतो. जोर आठशे पटींनी वाढायला हवा, पण त्यातला बराचसा घर्षणात जातो. एक दशांश उरला तरी हाताला तीसेक किलोचा जोर पुरतो. शिवाय पंचाची धार सपाट नसून उतरती असते, त्यामुळे सगळा परीघ एकदम कापावा लागत नाही. आट्यांना ग्रीस का लावायचं, तेही यातूनच कळतं.

आणि आधार? तो डाय देते, भोकाच्या चारी बाजूंनी, अगदी धारेला लागून. पंच आणि डाय यांच्यात दर बाजूला पत्र्याच्या जाडीच्या पाच-दहा टक्के फट असते. सव्वा मिमीच्या पत्र्यासाठी एक दशांश मिलिमीटरच्या आतबाहेर. फट जास्त झाली की पत्रा आत वाकतो आणि बर वाढते. सुटलेली चकती भिंगाखाली धरून पाहा. तिच्या काठावर एक गुळगुळीत, चमकणारा पट्टा दिसेल आणि त्याला लागून खडबडीत, करडा पट्टा. चमकणाऱ्या भागात धातू खरोखर कापला गेला. करड्या भागात तो ताण न सोसून तुटला. दोन्ही पट्टे चकतीभर सारख्या रुंदीचे असतील तर पंच मधोमध बसला होता. एका बाजूला पट्टा रुंद आणि दुसरीकडे अरुंद असेल, तर बोल्ट तिरका होता किंवा धार गेली आहे.

मळणीयंत्राच्या चाळणीतही हीच गंमत लपलेली आहे. तूर, सोयाबीन, बाजरी चाळणाऱ्या त्या जाळ्या पंचाने पाडलेल्याच असतात. पत्रा ज्या बाजूला तुटतो त्या बाजूला भोक किंचित रुंद होतं. पंच ज्या बाजूने आत शिरला ती गुळगुळीत बाजू वर ठेवून चाळणी बसवली, तर वरच्या अरुंद तोंडातून निसटलेला दाणा खाली मोकळा होतो. उलटी बसवली तर दाणा रुंद तोंडातून आत जाऊन अरुंद जागी अडकतो आणि बरेला भुसा धरून राहतो. चाळणी बदलताना दोन्ही बाजूंवरून बोट फिरवून खरखरीत बाजू ओळखायला एक मिनिट लागतं.

गावाकडचा सगळ्यात घातक शॉर्टकट म्हणजे वेल्डिंगच्या रॉडने भोक मारणं. काम सेकंदात होतं, पण भोकाभोवती वितळलेल्या लोखंडाचे मणी जमतात आणि काठ कडक होऊन तडकतो. पत्रा गॅल्व्हनाइज्ड असेल तर प्रकरण आणखी बिघडतं. लोखंड १,५३८ अंशांना वितळतं. त्यावरचं जस्त ९०७ अंशांनाच उकळून वाफ होतं. गंज थोपवणारा थर जातो आणि ती वाफ छातीत गेली की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. त्याला हवा बदलल्याचा ताप समजू नये.

काठ गुळगुळीत का हवा, याचं मोठं उत्तर विमानांनी दिलं. १८९८ मध्ये गुस्ताव किर्श या जर्मन अभियंत्याने गणिताने दाखवलं, की ताणलेल्या पत्र्यात गोल भोकाच्या काठाशी ताण तिपटीने वाढतो. हे अगदी निर्दोष भोकाचं. काठावर चीर किंवा दाता असेल तर ताण त्याहून वाढतो. १० जानेवारी १९५४ ला एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळलेल्या कॉमेट विमानाचे तुकडे जुळवल्यावर, छतातल्या एका खिडकीच्या कोपऱ्याजवळ, जोडणीसाठी पाडलेल्या छोट्या भोकाच्या काठाशी चीर सुरू झाल्याचं आढळलं होतं. स्टार्टरची पेटी आकाशात उडत नाही, पण कॉन्टॅक्टरच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तीही थरथरते, आणि बिजागरीजवळची तडकलेली भोकं आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत.

नव्या, रिकाम्या पेटीत २० मिमीपर्यंतची एक-दोन भोकं पाडायची असतील तर चांगलं स्टेप ड्रिल पुरेसं आहे. तीच मापं वर्षभर लागत असतील तर त्या मापाचा पंच-डाय संच घ्यावा. पण पेटी शेतावर बसवलेली असेल आणि आत कॉन्टॅक्टर, रिले, वायरी असतील, तर निवडीचा निकष बदलतो. आधी खांबावरून वीज तोडायची आणि टेस्टरने खात्री करायची. मग कुठलंही फिरतं अवजार लोखंडाचा बारीक भुसा आत उडवणार हे गृहीत धरून आतली यंत्रं कोरड्या कापडाने झाकायची आणि काम झाल्यावर चुंबकाने कण वेचायचे. कॉन्टॅक्टरच्या संपर्कात अडकलेला एक कण पुढच्या हंगामात मोटार जाळू शकतो. पंचाने मात्र एक अख्खी चकती निघते आणि ती हातात येते. भुसा होतो तो फक्त बोल्टच्या छोट्या भोकाचा. शक्य असेल तिथे भोक पेटीच्या तळाला पाडावं, म्हणजे पाणी केबलवरून वाहत ग्लँडशी थांबणार नाही. फिरत्या ड्रिलपाशी हातमोजे घालू नयेत; ते गुंडाळले जातात. भोक झाल्यावर कानशीने बर काढून उघड्या काठाला जस्ताचा रंग लावायचा, तो वाळला की ग्लँड आवळायचा, आणि न वापरलेलं प्रत्येक भोक त्याच दिवशी बुचाने बंद करायचं.