कुत्रा की चोर? सेन्सरला कसं कळतं



१ जूनला बंदी लागली की दोन महिने होड्या किनाऱ्यावर, जाळी ढिगानं आणि आऊटबोर्ड मोटरी शेडमध्ये. मोटर चोरीला गेली तर पुढचा हंगाम कशावर करायचा? म्हणून आम्हीही शेडला हालचाल ओळखणारा सेन्सर आणि भोंगा बसवला. पहिल्या आठवड्यात रात्री चार वेळा भोंगा वाजला. चारही वेळा टॉर्च घेऊन धावलो, समोर तेच कुत्रं. शेवटी कोणीतरी वायरच काढून ठेवली. कोणी, ते विचारलं नाही. झोप सगळ्यांनाच हवी होती. पण मोटरींना राखण उरली नाही, त्याचं काय?

सेन्सरच्या खोक्यावर तर ‘२५ किलोपर्यंतचे प्राणी चालतात’ असं छापलेलं. मग चुकलं कुठे?

आधी हे समजून घेऊ की हा सेन्सर काही वजन करत नाही. त्याला माणूसही दिसत नाही आणि कुत्राही. त्याला कळते ती फक्त हलणारी ऊब. माणसाच्या किंवा जनावराच्या अंगातून उष्णतेचे किरण सतत बाहेर पडतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण सेन्सरमधल्या बारीक तुकड्यांना जाणवतात. असे दोन तुकडे शेजारी-शेजारी असतात. दोघांवर सारखीच ऊब पडली तर हिशेब शून्य, म्हणून पत्रे हळूहळू तापले तरी भोंगा वाजत नाही. ऊब आधी एकावर, मग दुसऱ्यावर सरकली की मात्र त्याला हालचाल कळते.

वरचं दुधी प्लास्टिकचं झाकण म्हणजे नुसतं झाकण नव्हे, ती भिंग आहे. दीपगृहात असते त्याच जातीची! फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसानं ती दीपगृहासाठीच तयार केली, १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआन दीपगृहात पहिल्यांदा बसली. तिथे ती उजेड दूर फेकते, इथे दूरची ऊब आत गोळा करते आणि समोरच्या जागेचे वर-खाली पट्टे पाडते.

प्राणी वगळणाऱ्या सेन्सरची खुबी याच पट्ट्यांत आहे. उभा माणूस खालचे-वरचे बरेच पट्टे एकदम ओलांडतो. जमिनीवरचं कुत्रं खालच्याच पट्ट्यांत राहतं, आणि तिथे सेन्सर मुद्दाम आंधळा किंवा मंद ठेवलेला असतो. छापलेले किलो हा त्या आकाराचा अंदाज, एवढंच.

आता आमची चूक ऐका. सेन्सरसमोरच जाळ्यांचा कमरेएवढा ढीग होता आणि कुत्रं झोपायचं त्याच्यावर. ढिगावर चढलेलं कुत्रं सेन्सरच्या हिशेबात माणूसच! सेन्सरच्या अगदी जवळ फळीवर मांजर आलं तरी तेच होतं. उलट, कोणी सरपटत आला तर तो कुत्र्यासारखा सुटू शकतो, हेही ध्यानात ठेवा.

म्हणून जागा महत्त्वाची. सेन्सर साधारण सव्वादोन मीटर उंच, किंवा पत्रकात सांगितलंय तेवढाच, सरळ लावा. खाली वाकवलात तर खालची आंधळी जागा उरत नाही. समोर ढीग, क्रेट, होडीचा काठ नको. माणूस सेन्सरसमोरून आडवा जाईल असा कोपरा निवडा. सरळ त्याच्याकडे चालत आलेला माणूस उशिरा कळतो. काचेमागे लावू नका, ही ऊब काचेतून जात नाही. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखालची हवा अंगाएवढीच तापते, तेव्हा सेन्सर मंदावतो. त्या वेळी त्याच्यावर विसंबू नका.

शेडला ताडपत्री असेल तर थोडे जास्त पैसे घालून दुहेरी सेन्सर घ्या. त्यात ऊब आणि मायक्रोवेव्ह दोन्ही असतात, आणि दोघांनी एकदम ‘हो’ म्हटलं तरच भोंगा वाजतो. फडफडणारी ताडपत्री मायक्रोवेव्हला हलताना दिसते, पण तिला अंगाची ऊब कुठली? कुत्र्याला मात्र दोन्ही असतं, तेव्हा ढीग हलवायला हवाच. आकार ओळखणारे कॅमेरे आणखी चांगले, पण भिंगावर कोळ्यानं जाळं विणलं की रात्री त्यांचीही फसगत होते.

आम्ही ढीग मागच्या भिंतीला नेला आणि वायर परत जोडली. मग एक जण शेडमध्ये उभा-आडवा चालला, दुसऱ्यानं सेन्सरचा लाल दिवा कुठे लागतो ते पाहिलं. शेवटी बिस्किट दाखवून कुत्र्यालाही फिरवलं. दिवा लागला नाही. तुमच्याकडे हे बंदीच्या आधीच करून घ्या, आणि भिंग ओल्या मऊ फडक्यानंच पुसा, रॉकेलनं नको.