शाळा घरी पोहोचवण्याचा खर्च

कोरोनाच्या साथीमुळे 2020 सालच्या मार्च महिन्याच्या 16 तारखेपासून गुजरातेतील शाळा बंद ठेवण्याचा हुकूम सुटला, तेव्हा त्याची मुदत केवळ दोन आठवड्यांची होती, आणि बडोद्यातील मुलांनी ती आयती मिळालेली सुटी म्हणूनच स्वीकारली असावी. पुढे 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी आली, मुदतीमागून मुदती वाढत गेल्या, आणि जून महिन्यात नवे वर्ष सुरू करण्याची वेळ आली तेव्हा शिक्षक, पाठ्यपुस्तक व विद्यार्थी ही तिन्ही जागेवर असूनही त्यांना एकत्र आणणारी वास्तू मात्र कुलूपबंद होती. तिची जागा यंत्राने घ्यावी असे ठरले. ते यंत्र कोणाच्या खर्चाने कोणाच्या हाती पडावे, याची तजवीज मात्र बहुतांशी पालकांवर सोपवण्यात आली.

वस्तुतः बडोद्याच्या जुन्या दप्तरात या प्रश्नाचे एक उत्तर नमूद आहे. बडोदा संस्थानचे अधिपती सयाजीराव महाराज यांनी 1893 साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभला आणि 1906 साली तो सर्व संस्थानास लागू केला. परंतु शाळेत शिकलेली अक्षरे शाळा सुटल्यावर पुसली जातात, हे ध्यानी घेऊन त्यांनी 1910 साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास पाचारण केले आणि स्वतंत्र ग्रंथालय खाते उभारले. त्या खात्याची मला सर्वांत मनोज्ञ वाटणारी योजना म्हणजे फिरती ग्रंथालये. निवडक पुस्तकांनी भरलेली एक लाकडी पेटी गावातील शिक्षकाच्या किंवा अन्य जबाबदार गृहस्थाच्या हवाली केली जाई, गावकऱ्यांनी पुस्तके वाचावीत, मुदत संपताच पेटी परत जावी आणि तिच्या जागी दुसरी यावी, असा तो क्रम होता. आणि नेण्या-आणण्याचे भाडे खाते भरत असल्यामुळे वाचणाऱ्याच्या खिशाला कसलीही तोशीस लागत नसे. याच खात्याची दृक्शिक्षणाची एक शाखा होती, आणि तिच्याकरवी ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत जादूच्या दिव्याची चित्रे व चलच्चित्रेही पोहोचवली जात. ज्ञान पाठवायचे तर त्याच्या शेवटच्या कोसाचे भाडे पाठवणाऱ्यानेच द्यावे, आणि पोहोचल्यावर ते ताब्यात घेणारे एक माणूस गावात असावे, या दोन गोष्टी त्या व्यवस्थेत गृहीत होत्या.

2020 साली यांतील पहिली गोष्ट उलटी झाली. सरकारने दूरदर्शनच्या गिरनार वाहिनीवरून इयत्तावार पाठ प्रसारित केले, शिक्षकांनी व्हॉट्सअॅपचे ग्रुप काढून गृहपाठ धाडला, खाजगी शाळांनी पडद्यावर वर्ग भरवले. परंतु शेवटच्या कोसाचे भाडे, म्हणजे फोन व त्याचे रिचार्ज, हे ज्याचे त्याने पाहायचे होते. 2017-18च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत संगणक असलेली कुटुंबे ग्रामीण भागात शेकडा चार व नागरी भागात सुमारे तेवीस होती; तेव्हा सारी भिस्त फोनवर येणार हे उघड होते. आणि फोन घरात असणे व तो मुलाला मिळणे यांत किती अंतर आहे, हे कोणत्याही गृहिणीने सांगितले असते. बडोद्यातील मकरपुऱ्याच्या कारखान्यात कामाला जाणारा बाप फोन खिशात घालून जातो आणि संध्याकाळी परततो, तोवर सकाळच्या पाठांच्या लिंक शिळ्या झालेल्या असतात. दोन भावंडांचे वर्ग एकाच वेळी भरले तर दहावीच्या मुलाची पाळी आधी लागते आणि चौथीतली मुलगी खिडकीत बसून राहते. रिचार्जमधला दिवसाचा दीड जीबी डेटा दोन तासांच्या चित्रवर्गात बराचसा खर्ची पडतो. असर या संस्थेच्या ग्रामीण पाहणीत 2018 साली स्मार्टफोन असलेल्या घरांतली मुले शेकडा साडेछत्तीस होती, ती 2021 साली साडेसदुसष्टांवर गेली. परंतु अशा घरांतल्याही चतुर्थांशाहून अधिक मुलांना तो फोन अभ्यासासाठी मुळीच मिळत नव्हता.

अशा वेळी वाद रंगला तो फीचा. शाळा प्रत्यक्ष उघडेपर्यंत फी घेऊ नये असा ठराव राज्य सरकारने जुलै 2020 मध्ये काढला, त्यावर खाजगी शाळांनी 23 जुलैपासून ऑनलाइन वर्गच थांबवले, आणि महिनाअखेरीस उच्च न्यायालयाने ठरावातील ते कलम रद्द केले. दोन्ही पक्षांची बाजू समजण्यासारखी होती; पण रिचार्जचा खर्च कोणाच्या खाती मांडावा, हा मुद्दा त्या गदारोळात फारसा ऐकू आला नाही.

पाठ पोहोचवण्याच्या साधनांपैकी दूरचित्रवाणीला काही लोक हिणवतात, ते मला अन्यायाचे वाटते. तिला डेटाचे रिचार्ज लागत नाही आणि एका संचासमोर चार मुले बसू शकतात. 1937 साली पोलिओच्या साथीत शिकागोच्या शाळा बंद पडल्या तेव्हा तेथील शिक्षण खात्याने रेडिओवरून पाठ दिले, वृत्तपत्रांतून त्यांचे वेळापत्रक छापले आणि पालकांच्या शंकांसाठी दूरध्वनीवर शिक्षक बसवले. बडोद्याशेजारच्या खेडा जिल्ह्यात 1975 पासून पीज येथील प्रक्षेपण केंद्राचे कार्यक्रम गावोगावच्या सामुदायिक संचांवर पाहिले गेले. एकतर्फी पाठात शंका विचारता येत नाही, हा दोष खराच. तो भरून काढण्याचा मार्ग गुजरातच्या शिक्षकांनी ‘शेरी शिक्षण’ या नावाने शोधला, म्हणजे गल्लीत, ओट्यावर, मंदिराच्या आवारात मूठभर मुले अंतराअंतरावर बसवून स्वतः जाऊन शिकवले. पेटी ताब्यात घेणारे माणूस पुन्हा अशा रीतीने उभे राहिले.

मराठी माध्यमाच्या बडोदेकर मुलाची अवस्था तर त्रिशंकूची झाली. गिरनारवरचे पाठ गुजरातीतून. 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका मराठीतून सुरू झाली खरी, परंतु तिचा आधार महाराष्ट्राची बालभारती, आणि या मुलाच्या दप्तरातले पुस्तक गुजरात पाठ्यपुस्तक मंडळाचे. भाषा एकीकडे कळे, धडा दुसरीकडे जुळे.

वरच्या इयत्तांची दारे 2021च्या जानेवारीत किलकिली झाली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली, आणि जुलैपासून वरून खाली क्रमाने उघडत गेली. पहिली ते पाचवीचे वर्ग सर्वांत शेवटी, 22 नोव्हेंबर 2021 रोजी भरले. म्हणजे 2020च्या जूनमध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलाने शाळेची पायरी प्रथम चढली ती दुसरीच्या दुसऱ्या सत्रात, आणि त्याला अक्षरे पहिल्यापासून गिरवून घेण्याचे काम त्या वर्गाच्या शिक्षकाकडे आले.