डेटाबेसमधील पुनरुक्ती आणि नॉर्मलायझेशन

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधात्मक प्रतिमान मांडले; नॉर्मलायझेशनची संकल्पना त्यातूनच विकसित झाली. महाविद्यालयाच्या प्रवेश-तक्त्यात विद्यार्थी क्रमांक, पत्ता, विषय आणि त्या विषयाचे एकमेव शिक्षक एकाच ओळीत नोंदविल्यास पाच विषय घेणाऱ्याचा पत्ता पाच वेळा येतो. जागेचा अपव्यय हा दोष किरकोळच होय. पत्ता चार ओळींत बदलून पाचवीत तसाच राहिला, तर खरा कोणता हे तक्ता सांगू शकत नाही. एखाद्या विषयाच्या एकुलत्या विद्यार्थ्याने प्रवेश रद्द केला, की शिक्षकाची नोंदही पुसली जाते. पत्ता केवळ विद्यार्थी क्रमांकावर, तर शिक्षक केवळ विषयावर अवलंबून असल्याने द्वितीय नॉर्मल फॉर्मनुसार त्यांचे स्वतंत्र तक्ते होतात. मूळ तक्त्यात क्रमांक व विषय ही जोडी तेवढी उरते. विषयवार यादी छापताना हे तक्ते पुन्हा जोडावे लागतात. एवढा भार महाविद्यालयीन कार्यालयातील संगणक सहज पेलतो.