संकेतस्थळे, स्थानिक शासनाची सामायिक

स्थानिक शासनसंस्थांनी आपल्या संकेतस्थळांची संगणकीय बांधणी व देखभाल एकत्रितपणे करण्याची पद्धती. इंग्लंडमध्ये २०२३ साली अशा ३१७ संस्था होत्या. एका स्तरावरील संस्थांची कचरा, कर, ग्रंथालये इत्यादींविषयीची कर्तव्ये बव्हंशी समान. तरीही तेच काम बहुतेक संस्था स्वतंत्र खर्चाने करवून घेत. ब्रायटन अँड होव्ह आणि क्रॉयडन या संस्थांनी २०१९ च्या सुमारास ‘लोकलगव्ह ड्रूपल’ ही मुक्त आज्ञावली संयुक्तपणे विकसित करण्यास आरंभ केला. तीत एका संस्थेने केलेली सुधारणा इतरांना विनामूल्य मिळते. अंध नागरिकास पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनाने अर्ज भरता यावा, अशी सुगम्यता २०१८ च्या नियमांनी सार्वजनिक संस्थांवर बंधनकारक केली. लहान संस्थेला त्यासाठी स्वतंत्र तज्ञ नेमणे क्वचितच परवडते. मजकूर मात्र ज्या त्या संस्थेनेच अद्ययावत ठेवावयाचा असतो, आणि दुर्लक्ष बहुधा तेथेच होते.